दहाला तीन पेंड्या

साखर माझ्या रिपोर्टात निघाली आणि पथ्य घरातल्या पाचही जणांना लागलं.

"आता सगळ्यांनीच नीट खायचं," बायको म्हणाली. "आणि किराणा-भाजीच्या 8000 रुपयांतच बसवायचं. तुम्ही बसवायचं." पतपेढीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला घरी दुसरं काय मिळणार? वही घातली.

पहिला दणका ज्वारीचा. डॉक्टर म्हणाले, भाकरी खा. सोलापुरात हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो! आमच्या आजोबांच्या घरी पोळी सणाला आणि भाकरी रोज, कारण ती स्वस्त. पुढे 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 हे साल तर जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं. मान वाढला की भाव खाणारच. परवा पाहुणे आले तेव्हा बायकोनं आत बोलावून हळूच विचारलं, "पोळ्याच करू ना? सगळ्यांना भाकरी नाही पुरवता यायची."

शेंगाचटणीवरून वाद झाला. लेकीनं वाचून दाखवलं, शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं. मी पुढची ओळ वाचली, जवळजवळ निम्मं तेल. आईनं उखळातला दांडा थांबवला नाही. "तू प्रथिनाच्या बाजूनं खा की," म्हणाली.

खरा घोळ भाजीनं घातला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी रोज निदान 400 ग्रॅम भाजी आणि फळं. पाच माणसं, म्हणजे दोन किलो. महिन्याचे साठ किलो! (हे सांगणाऱ्यांपैकी कुणी पिशवी उचलून चाललाय का?) त्यावर मी तोड काढली. स्कूटर लेकीला कॉलेजसाठी देऊन टाकायची आणि आपण रात्री आठनंतर चालत लक्ष्मी मंडईत जायचं. चालणंही होतं, पेट्रोलही वाचतं. आणि आपल्या उन्हाळ्यात पालेभाजी सकाळी नवरीसारखी असते, रात्री वरातीतून परतल्यासारखी. मग वीसची पेंडी दहाला तीन होते.

पहिल्याच रात्री मी अकरा पेंड्या घेतल्या. खरं तर नऊच. पण टोपली रिकामी करून घरी जायचं म्हणून मावशींनी दोन वर टाकल्या, आणि फुकटचं नाही म्हणायचं बळ माझ्यात नाही. मेथी, चुका, पुंडी, आणि शेपू. शेपू पाच पेंड्या.

दारातच आई म्हणाली, "शेळ्या पाळलालास काय रे?"

ती भाजी सकाळपर्यंत टिकणारी नव्हती. बैठकीत पेपर अंथरले आणि अख्खं कुटुंब निवडायला बसलं. मुलगा गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन देठं मोडत होता. साडेअकराला बायकोनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात सगळी बचत केव्हाच संपली होती. मग चार दिवस शेपूची भाजी, शेपूचे धपाटे, वरणात शेपू. पाचव्या दिवशी मुलगा शाळेतून आला तो सांगत, की शेजारचा मुलगा बाक बदलून बसला.

तरी महिनाअखेरीस 7940 वर गाडी थांबली. मी वही सगळ्यांसमोर उघडून ठेवली. कौतुक व्हावं अशी फार अपेक्षा नव्हती, थोडी होती.

लेक पानं उलटत गेली. "बाबा, हे पेट्रोल चाळीस, पेट्रोल चाळीस... आठ वेळा आहे."

"मग? महाग झालंय."

"पण गाडी तर महिनाभर माझ्याकडे होती."

मंडईहून येताना वाटेत भज्यांची गाडी लागते. आईनं चटणीची वाटी माझ्यासमोरून उचलली आणि नातवापुढे सरकवली.