सिमेंट खोडाला भिडवायचे आणि खापर वाऱ्यावर फोडायचे

दर पावसाळ्यात शहरात झाडे पडतात आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी येते: सोसाट्याच्या वाऱ्यामुळे झाड उन्मळून पडले, रिक्षा आणि मोटारींचे नुकसान, सुदैवाने जीवितहानी नाही. ती वाचली की डोक्यात तिडीक जाते, कारण ज्या झाडाला वारा दोन-चार पिढ्या हलवू शकला नाही ते एका संध्याकाळी का पडले, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. पंचनाम्यात वारा आणि पाऊस यांची नोंद होते. त्या झाडाच्या बुंध्याशी कोणी काय ओतले आणि मुळांशेजारी कोणी काय खणले, याची नोंद होत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला जुना पर्जन्यवृक्ष पडला तेव्हा मी जवळ जाऊन त्याचा उपटलेला बुंधा पाहिला. एवढ्या विस्ताराच्या झाडाखाली चहूबाजूंना मुळांचा पसारा असायला हवा होता. तिथे उरला होता तो जेमतेम पदपथाच्या रुंदीचा मातीचा गोळा. रस्त्याकडच्या बाजूची मनगटाएवढी जाड मुळे एका सरळ रेषेत तुटलेली होती, त्यांची टोके काळी पडून कुजली होती, आणि बुंध्याच्या सालीत गट्टूचा एक तुकडा इतका खोल रुतला होता की खोड त्याच्याभोवती वाढले होते. ती सरळ रेषा कुठून आली हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. केबल टाकण्यासाठी जेसीबीने तिथूनच चर खणला होता, मग तो मुरूम टाकून बुजवला गेला आणि वर काँक्रीट झाले. ज्या बाजूची मुळे तोडली, तिच्या नेमके विरुद्ध दिशेला झाड कोसळले. तरीही अहवालात कारण म्हणून लिहिले गेले ते ‘वादळी वारा’ एवढेच.

झाडाचे मूळ जमिनीत खूप खोल जाते आणि त्याच्या जोरावर झाड उभे राहते, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे, आणि ठेकेदारांना तो फार सोयीचा आहे. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बहुतेक मुळे मातीच्या वरच्या साधारण एक मीटर थरात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते, कारण मुळे श्वसन करतात आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळवतात. ती माती रोलर फिरवून दाबली आणि वर सिमेंटचा थर दिला की पाणी मुरणे थांबते, हवा आत जाणे थांबते, आणि मुळे टोकांकडून मरत येतात. बुंध्याला भिडवलेल्या सिमेंटमागे ओल साचून साल कुजते, तिथून बुरशी आत शिरते. हे सगळे घडायला काही वर्षे लागतात आणि तोवर ठेकेदाराचे बिल मंजूर झालेले असते, अभियंत्याची बदली झालेली असते, आणि वरून पाने हिरवी दिसत असल्याने कोणालाच काही वावगे वाटत नाही. मग जून येतो, आहे ती माती भिजून सैल होते, पावसाने भिजलेला पर्णसंभार जड होतो, आणि अर्ध्या मुळांवर उभे असलेले झाड एखाद्या साध्या झोतातही खाली येते. ते वाहनांवर पडते, कुंपणाच्या भिंतीवर पडते, विजेच्या तारांवर पडते, आणि कधी माणसांवरही.

याहून संताप येतो तो पुढच्या कारवाईचा. एक झाड पडले की त्या रस्त्यावरची उरलेली सगळी झाडे ‘धोकादायक’ ठरतात आणि छाटणीच्या नावाखाली कंत्राटी मजूर कोयते घेऊन चढवले जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. तारांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या साफ उडवल्या जातात, दुसऱ्या बाजूचा भार तसाच राहतो, आणि मुळातून खिळखिळे झालेले झाड आणखी एकीकडे झुकते. फांदी कुठून आणि कशी कापली म्हणजे जखम भरून येते, हे त्या मजुरांना कोणी शिकवलेले नसते. यात त्या गरिबांचा काय दोष? त्यांना पाठवणाऱ्या मुकादमाला आणि मुकादमाच्या साहेबाला तरी ते कुठे ठाऊक असते?

ही छाटणी पावसाळ्यापूर्वी म्हणून एप्रिल-मेमध्ये केली जाते, आणि तोच अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. शहरातही आढळणाऱ्या राखी धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड आतून लिंपते आणि एक चीर तेवढी ठेवते. नर त्या चिरेतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवत राहतो. अशी ढोली असलेली फांदी मे महिन्यात तोडली तर आतले सगळे कुटुंब जाते. तांबट पोकळ किंवा मऊ झालेल्या फांदीत घर कोरतो, पिंगळा जुन्या ढोलीत राहतो. छाटणी करणाऱ्यांच्या लेखी ‘वाळकी फांदी’ एवढीच तिची किंमत. एक ढोली तयार व्हायला झाडाला कित्येक वर्षे जगावे लागते. बदल्यात लावलेली, कुंपणाच्या जाळीतली हातभर रोपे हे घर केव्हा देणार?

नियम नाहीत म्हणून हे घडते असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. झाड तोडण्याच्या त्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. म्हणजे बुंध्याला सिमेंट भिडवणे आणि आधाराची मुळे तोडणे हीसुद्धा कायद्याच्या नजरेत तोडच आहे. झाडांची गणना दर पाच वर्षांनी करण्याचे काम त्याच कायद्याने वृक्ष प्राधिकरणाकडे दिलेले आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एवढे सगळे कागदावर असताना आमच्या रस्त्यावर गट्टू बसवणारा माणूस खोडापासून चार बोटे जागा सोडायलाही तयार नसतो, आणि त्याला विचारले तर म्हणतो, ‘साहेबांनी लाईन दिली आहे.’

साहेबांकडे जाण्याचा मार्ग म्हणजे तक्रारीचे ॲप. बुंध्याभोवती ओले काँक्रीट दिसत असलेले छायाचित्र टाकून मी तक्रार नोंदवली. उद्यान विभागाने ती पथ विभागाची म्हणून पुढे ढकलली, पथ विभागाने झाडाचा विषय उद्यान विभागाचा म्हणून परत पाठवली, आणि शेवटी ‘तक्रार निकाली काढण्यात आली’ असा संदेश आला. तोवर काँक्रीट वाळून दगड झाले होते. काम चालू असताना कोणीतरी येऊन पहारीने चार तासांत जे काढता आले असते, ते काढायला आता ब्रेकर लागेल आणि त्यात मुळे पुन्हा जखमी होतील.

सिमेंटने दमलेले झाड किडीलाही लवकर बळी पडते. मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले. तेव्हा चर्चा झाली ती फवारणीची. बुंध्याशी आळे मोकळे आहे का, हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

मागणी अवघड नाही. रस्त्याच्या आणि पदपथाच्या प्रत्येक निविदेत झाडाभोवती किमान एक मीटर आळे मोकळे ठेवण्याची अट घाला, चर खणण्याआधी उद्यान विभागाच्या माणसाची जागेवर सही घ्या, आणि आळ्यांची छायाचित्रे जोडल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका. झाड पडल्यावर त्याच्या मुळांची तपासणी करून ती कोणत्या कामात तुटली हे पंचनाम्यात लिहा, आणि मोटारीची, भिंतीची, जखमी माणसाची भरपाई त्या कामाच्या ठेकेदाराकडून आणि बिलावर सही करणाऱ्याकडून वसूल करा.