किंग ऑलिव्हर आणि मागे उभा केलेला शिष्य

जॅझविषयी माझ्या वाचनात जे मराठी लेखन आले, त्यात अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग हमखास भेटतो. त्याला घडवणारा जोसेफ ऊर्फ ‘किंग’ ऑलिव्हर मात्र, आलाच तर, ‘आर्मस्ट्राँगचा गुरू’ एवढ्या ओळखीवर उरकला जातो. मला हा अन्याय वाटतो. तो ऑलिव्हरवर तर आहेच, पण ऐकणाऱ्यांवरही आहे, कारण एकट्याच्या कर्तबगारीकडे डोळे लावून बसले की ऑलिव्हरच्या संगीतात नेमके काय ऐकायचे तेच निसटते. कित्येक वर्षे मीही त्याच्या ध्वनिमुद्रिका आर्मस्ट्राँगला शोधण्यासाठीच ऐकत होतो.

एप्रिल १९२३ मध्ये ऑलिव्हर आपला ‘क्रिओल जॅझ बँड’ घेऊन शिकागोहून इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी गेला. जेनेट या ध्वनिमुद्रिका कंपनीचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता, त्यामुळे गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. मायक्रोफोनचा वापर अजून सुरू व्हायचा होता. सगळे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढत असे. ढोल मोठा वाजला तर सुई उडण्याची भीती, म्हणून ढोलवादक बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. ऑलिव्हरच्या जोडीने दुसरा कॉर्नेट (ट्रंपेटसारखे छोटे फुंकवाद्य) वाजवणाऱ्या एकवीस वर्षांच्या आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत होता की त्याला बाकीच्यांपासून दूर, मागे उभे करण्यात आले. पियानोवर लिल हार्डिन होती. पुढच्याच वर्षी तिचे आणि लुईचे लग्न झाले. कोपऱ्यात उभा असलेला लुई किती खिन्न दिसत होता, हे ती पुढे सांगत असे.

या तबकड्या प्रथम ऐकताना खरखरीखेरीज काही कळत नाही, हे मान्य करायला हवे. पण कान सरावला की लक्षात येते की इथे कोणीही एकटा पुढे येत नाही. कॉर्नेट चाल धरून ठेवतात, क्लॅरिनेट त्यांच्यावरून वळसे घेते, ट्रॉम्बोन खालून आधार देतो, आणि इतके सूर एकाच वेळी चालू असूनही कोणी कोणाच्या पायात येत नाही. मग मध्येच सगळा बँड दोन बारांपुरता (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) थांबतो आणि दोन्ही कॉर्नेट मिळून एक तुकडा वाजवतात. कागदावर काहीही लिहिलेले नसताना दोघांना एकच जागा कशी सुचते, याचे कोडे शिकागोतील लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात रोज ऐकायला येणाऱ्या वादकांनाही सुटत नसे. उत्तर असे होते की ऑलिव्हर येणारा तुकडा आधीच्या गर्दीत हळूच सुचवून ठेवत असे आणि लुई तो उचलून त्यावर दुसरा स्वर चढवत असे. याला आपण जुगलबंदी म्हणू नये, कारण यात कुरघोडी नाही. गुरूच्या मनात काय चालले आहे हे शिष्याला आधी कळते, असा हा प्रकार आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये लहानगा लुई ऑलिव्हरच्या बायकोची बाजारहाटाची कामे करत असे आणि त्या बदल्यात ऑलिव्हर त्याला शिकवत असे. आपला जुना कॉर्नेटही त्यानेच लुईला दिला होता. गुरूच्या घरी राबून विद्या मिळवणाऱ्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही.

‘डिपरमाउथ ब्लूज’मध्ये मात्र ऑलिव्हर एकटा पुढे येतो. कॉर्नेटच्या तोंडावर म्यूट (आवाज दाबणारे झाकण) उघडझाप करत तो बारा बारांची तीन आवर्तने अशी वाजवतो, की वाद्य बोलते आहे, कुरकुरते आहे, विनवते आहे असे वाटते. १९२५ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडने हीच रचना ‘शुगर फूट स्टॉम्प’ या नावाने नव्याने मुद्रित केली, तेव्हा आर्मस्ट्राँगने गुरूची ती तीन आवर्तने जवळजवळ तशीच वाजवली. शिकागोत ऑलिव्हरला ऐकलेल्या ट्रंपेटवादक बबर मायलीने म्यूटचे हेच तंत्र ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये नेले. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबने ऑलिव्हरला बोलावले असता त्याने पैसे कमी वाटल्यामुळे नकार दिला, ती जागा एलिंग्टनला मिळाली, आणि तिथे मायलीच्या ट्रंपेटमधून अमेरिकेने ऑलिव्हरचाच घोगरा सूर ऐकला. ऑलिव्हर संत नव्हता. पैशांच्या वादावरून त्याचा गाजलेला बँड फुटला, हेही सांगायला हवे.

हा सूर आपल्यापर्यंत पोहोचला तो आर्मस्ट्राँगच्या मार्फत. गोव्यातील आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईत ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला जाई. सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केले आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. भगवानदादांच्या नाचामागचा तो ट्रंपेट ऐकताना मला आता रिचमंडमधला कर्णा आठवतो.

ऑलिव्हरला हे काही कळणार नव्हते. हिरड्यांच्या आजाराने दात गेले. आणि दात गेल्यावर कॉर्नेट फुंकणार कसा? शिकागोतील बँक बुडाली तेव्हा शिल्लकही गेली. दक्षिणेकडचे दौरे फसत गेले आणि शेवटी तो जॉर्जियातील सव्हाना शहरात अडकला. १९३७ मध्ये आर्मस्ट्राँग कार्यक्रमासाठी तिथे गेला, तेव्हा त्याला आपला ‘पापा जो’ रस्त्याकडेच्या गाड्यावर भाजी विकताना दिसला. लुईने आणि बँडमधल्या जुन्या सोबत्यांनी खिशात होते ते पैसे त्याला दिले. त्या रात्री ऑलिव्हर नीटनेटके कपडे करून कार्यक्रमाला आला आणि आपल्या शिष्याला ऐकत राहिला. पुढे एका बिलियर्ड हॉलमध्ये झाडलोट करून तो दिवस काढत होता. एप्रिल १९३८ मध्ये तो गेला. बहिणीने घरभाड्यासाठी ठेवलेले पैसे मोडून त्याचा देह न्यूयॉर्कला आणवला आणि ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत पुरला. वर नावाचा दगड बसवण्याइतके पैसे तिच्याकडे उरले नाहीत.