जुन्या चित्रांकडून मी काय घेते

सर, सप्रेम नमस्कार.

जुन्या बाजारातल्या चित्रांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. जुनी मासिकं आणि धुरंधर, दलाल अशा जुन्या चित्रकारांची चित्रं बघून ‘प्रेरणा’ घेणं ही उसनवारीच आहे, अशी चित्रं काढणाऱ्याची नसतात. चित्रकाराने कपाटात नाही, खिडकीबाहेर बघावं. हे सगळं निव्वळ स्मरणरंजन आहे. आणि कोलाजसाठी, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांसाठी, पुस्तकं फाडणं अक्षम्य आहे. तुम्ही उभा जन्म चित्रकला शिकवण्यात घालवलाय, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसणार नाही.

तुमचा रोख आहे तो माझ्या एसटी स्टँडच्या चित्रावर. पहाटेची वेळ, बाकावर पाय दुमडून बसलेली बाई, शेजारी बोचकं, मागे फलाटाचे खांब. ती बाई मी स्वारगेटला पाहिली आणि तिथेच वहीत रेखाटली. म्हणजे विषय बाहेरचाच. माझं अडलं ते नंतर. चित्र दोनच रंगांत स्क्रीन प्रिंट करायचं होतं, आणि पहाटेचा तो अर्धवट उजेड दोन रंगांत कसा धरायचा हे काही केल्या सुचेना. वाट सापडली ती जुन्या बाजारातून आणलेल्या एका सुट्या पानावर.

त्या पानावर मासिकाचं नाव नाही, चित्रकाराची सही नाही. कागद तपकिरी पडलाय. मागच्या बाजूने बोट फिरवलं तर मजकुराच्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, उठाव अजून लागतो. चित्र आहे विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचं, फक्त काळ्या शाईत. भिंग धरून बघितलं तर करड्या रंगाचा एक ठिपकाही सापडत नाही. पदराची सावली म्हणजे सलग काळा डाग. विहिरीतला अंधार आडव्या रेघांनी केलाय. त्या रेघा खाली जाताना जाड होत जातात, पण एकमेकींना कुठेही टेकत नाहीत. चेहऱ्याला फक्त भुवई, नाक आणि हनुवटी. गाल म्हणजे कोरा कागद.

ही नुसती लकब नव्हे. हे चित्र लाइन ब्लॉकवरून छापलेलं आहे. मूळ चित्र फोटोच्या पद्धतीने जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं, छापायचा नसेल तो भाग ॲसिडने खाऊन टाकायचा, मग उंच राहिलेला भाग शाई घेतो. रेघ फार बारीक असेल तर ॲसिड तिला कडेने पोखरतं. रेघा फार जवळजवळ असतील तर हलक्या कागदावर शाई पसरून त्यांचा गिचका होतो. ब्लॉकवर काय टिकेल आणि मशीनवर काय बुजेल, याचा पूर्ण हिशेब करून त्या चित्रकाराने दोन रेघांमधली जागा सोडली आहे.

मी त्याची बाई घेतली नाही, विहीर घेतली नाही, रेघेचं वळणही घेतलं नाही. मी घेतली ती त्याची युक्ती: उजेड रंगवायचा नाही, सोडायचा. स्टँडवरच्या बाईचा गाल मी कोरा ठेवला, खांबांमधल्या अंधाराला निळ्या शाईच्या सुट्या पट्ट्या दिल्या, आणि पहाट झाली. खिडकीबाहेर कितीही वेळ बघत बसले असते तरी हे मला तिथे दिसलं नसतं. काय काढायचं ते खिडकी दाखवते. कसं काढायचं हे दुसऱ्या चित्रकारांकडूनच शिकावं लागतं, मग ते वर्गात तुमच्यासारखे समोर उभे असोत की रद्दीच्या गठ्ठ्यात निनावी पडलेले असोत.

‘ही चित्रं तुमची नाहीत’ हे वाक्य मात्र मला फार लागलं. आपल्याकडच्या छापील चित्राला मुळातच अनेकांचे हात लागलेले आहेत. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे मूळ चित्रातला एकेक रंग वेगळा काढून प्रत्येकासाठी शिळाछापाचा वेगळा दगड तयार व्हायचा, आणि दगडावरचे ठिपके कारागीर हाताने मांडायचे. हाफटोनचे, म्हणजे फोटोवरून जाळीने पाडलेले, ठिपके भिंगाखाली कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत दिसतात. या लक्ष्मी-सरस्वतींच्या गालांवरचे ठिपके लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ. ते मांडणाऱ्यांची नावं तसबिरीवर नाहीत. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी शिळाछापाचं काम केलं होतं. चौकटीत माणसं कशी बसवायची याची त्यांची जाण तिथेच पक्की झाली असणार, असं मला वाटतं.

आणि चित्र घरी आलं म्हणजे संपलं, असंही नव्हतं. घरोघरच्या बायका या तसबिरींवर जरी, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून देवीला साडी नेसवायच्या. माझ्याकडे अशी एक सरस्वती आहे. काठ पूर्ण जरीचा, टिकल्या पदराच्या चुणीबरोबर वळत गेलेल्या, आणि वीणेवरची बोटं जिथे आहेत तिथे काहीही लावलेलं नाही. कुठे थांबायचं हे त्या बाईला नेमकं कळत होतं. रविवर्म्याचं चित्र हाताशी होतं म्हणून तिचं काम तिचं नाही, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

प्रतिमा जशीच्या तशी उचलून आपल्या नावावर विकणं ही चोरी, यात आपलं दुमत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं आता सर्वांना खुली आहेत, तरी वापरली तर खाली त्यांचं नाव असतं. दलाल गेले १९७१ मध्ये, चित्रकार मुळगावकर १९७६ मध्ये. त्यांचे हक्क अनुक्रमे २०३१ आणि २०३६ अखेरपर्यंत आहेत. म्हणून दलालांच्या ‘दीपावली’ अंकांची मुखपृष्ठं मी तासन्‌तास बघते, पण त्यांचा कपटाही माझ्या कोलाजमध्ये नसतो.

स्मरणरंजनाबद्दल. किंकेड या इंग्रज लेखकाच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या १९१४ च्या पुस्तकाला धुरंधरांची चित्रं आहेत. आपल्याच वारांच्या कहाण्या, पण इंग्रजीत. धुरंधरांच्या बायकांचं नऊवारी नेसणं मी बघते ते हळहळायला नाही. काष्टा कसा बसतो आणि चालताना निऱ्या कशा पडतात, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं होतं, म्हणून. जुनं सगळंच मला प्यारं आहे असंही नाही. माझ्याकडच्या जुन्या मासिकांच्या अंकांत मुखपृष्ठावर गोरीपान, सुखवस्तू घरातली बाई असते. कष्टकरी बाई दिसलीच तर आत कुठेतरी कोपऱ्यात. माझ्या चित्रात बोचकंवाली बाई मधोमध बसलीय ती हे खटकलं म्हणूनच.

राहिलं पुस्तकं फाडणं. धड पुस्तक मी कधीही फाडत नाही. बांधणी शाबूत असलेलं, मुखपृष्ठासह सापडलेलं पुस्तक मी आधी ग्रंथालयाला विचारते. पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्था आपल्याकडे आहेत, आणि पुस्तक तिथे असणं माझ्या कपाटात असण्यापेक्षा केव्हाही चांगलं. माझ्या कात्रीखाली येतात ती कसर लागलेली, आगापिछा नसलेली पानं, जी किलोवर लगद्याला निघालेली असतात. तीही आधी स्कॅन करते. विहिरीवरच्या बाईला तर कात्री लागणारच नाही, ती हातकागदाच्या पाकिटात आहे.

शाळकरी मुलांना यातून काय मिळणार, असंही तुम्ही विचारलंत. माझ्या डोक्यात एक तास आहे. चौघांत एक भिंग, एक लाइन ब्लॉकचं पान, काळी शाई आणि बोरू. आधी करडा भाग शोधायचा, तो सापडत नाही हे मुलांनाच कळू द्यायचं, आणि मग करडा न वापरता शेजारी बसलेल्याचा चेहरा काढायचा. तुमच्या रविवारच्या वर्गात हे करून बघायला मला मनापासून आवडेल. पानं आणि भिंगं मी आणते, बोरूंची सोय तेवढी तुमच्याकडे बघा.