५० मिलिव्होल्टला नुसता शॉटकी पुरत नाही

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचे दिवस आले की मुंबईत एक सल्ला हमखास फिरतो: "सेन्सरचा ५० मिलिव्होल्ट, ५० हर्ट्झचा सिग्नल डीसी करायचाय? सिलिकॉन डायोडला ०.७ व्होल्ट लागतात, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून शॉटकी किंवा जर्मेनियम आणा, ब्रिज बांधा, कपॅसिटर लावा. ऑप-अँपची गरज नाही." (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग; शॉटकी आणि जर्मेनियम हे त्याचे कमी ड्रॉपचे प्रकार; ब्रिज म्हणजे चार डायोडची जोडणी; ऑप-अँप म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप; लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.) या सल्ल्याच्या भरवशावर मुलांचे आठवडे वाया जातात.

"०.७ व्होल्ट लागतात." हा काही मिलिअँपिअर वाहताना डायोडवर मोजलेला ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, आहे, उंबरठा नव्हे. डायोडचा करंट व्होल्टेजबरोबर घातांकी वाढतो आणि त्या वाढीचं माप खोलीच्या तापमानाला सुमारे २६ मिलिव्होल्ट असतं. सिग्नल त्याहून बराच लहान असेल तर डायोड दोन्ही दिशांना जवळपास सारखाच वाहतो, साध्या रेझिस्टरसारखा. आदर्श डायोड आणि शून्य लोड (आउटपुटला काहीच जोडलेलं नाही) धरला, तरी ५० मिलिव्होल्ट पीकमधून २० मिलिव्होल्ट डीसी निघतं, ५ मिलिव्होल्टमधून फक्त ०.२४. सिग्नल दहापट घटला, डीसी ऐंशीपटीने.

"शॉटकी किंवा जर्मेनियम." तो २६ चा आकडा यांनी बदलत नाही. लोड थोडा जास्त झेपतो, पण उलटी गळतीही वाढते. जर्मेनियमची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. वातानुकूलित लॅबमध्ये जुळवलेलं रीडिंग मे महिन्यात घरच्या पंख्याखाली टिकत नाही.

"ब्रिज बांधा." इथे दोन डायोड सिरीजमध्ये येतात. वरच्याच हिशेबाने २० ऐवजी ११ मिलिव्होल्ट. शिवाय इनपुट-आउटपुटचं ग्राउंड एक ठेवता येत नाही.

"कपॅसिटर लावा." सेन्सर आणि एकट्या डायोडच्या मध्ये तो लावला, तर चार्ज होऊन बसतो आणि आउटपुट मरतं. डायोडच्या अलीकडे ग्राउंडला रेझिस्टर हवाच.

"ऑप-अँपची गरज नाही." आहे. एक टीएल०७२ (दोन ऑप-अँप असलेली चिप) आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घ्या. पहिला ऑप-अँप नॉन-इन्व्हर्टिंग: फीडबॅकला १०० किलोओहम, ग्राउंडकडे ४.७ किलोओहम, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सुमारे २२. त्या ४.७ च्या सिरीजमध्ये ४७ मायक्रोफॅरड लावा, नाहीतर ऑप-अँपचा स्वतःचा ऑफसेटही (आउटपुटमधली छोटी डीसी चूक) २२ पट होतो. सेन्सर १ मायक्रोफॅरडमधून जोडा आणि प्लस पिनवरून ग्राउंडला १०० किलोओहम द्या. दुसरा ऑप-अँप इन्व्हर्टिंग हाफ-वेव्ह: १ टक्क्याचे दोन १० किलोओहम, दोन १एन४१४८ डायोड. आउटपुट घ्यायचं ते डायोड आणि फीडबॅक रेझिस्टरच्या सांध्यावरून. ते ऑप-अँपच्या पिनवरून घेतलं की ड्रॉप परत येतो. नेहमीची चूक हीच. ५० हर्ट्झला ओपन-लूप (फीडबॅकविना) गेन हजारोंच्या घरात असल्याने सांध्यावर हा ड्रॉप मायक्रोव्होल्टांवर येतो, साधा सिलिकॉन डायोड पुरतो. पुढे फिल्टर: सिरीजमध्ये १०० किलोओहम आणि ग्राउंडला १० मायक्रोफॅरड; रीडिंग या कपॅसिटरवर घ्या. ५० मिलिव्होल्ट पीकला ०.३७ व्होल्टच्या आसपास दिसेल. स्थिर व्हायला पाचेक सेकंद द्या.

मग इनपुट शॉर्ट करा. तरीही दहाएक मिलिव्होल्टांहून जास्त दिसलं तर जोडणी तपासा. शॉर्ट काढून सेन्सर बंदच ठेवल्यावर रीडिंग चढलं, तर तो वायरने पकडलेला मेन्सचा ५० हर्ट्झ हम आहे. तिथे शील्डेड वायर लागेल, कारण सिग्नलही ५० हर्ट्झचाच असल्याने फिल्टर त्याला वेगळा काढू शकत नाही.