सेंद्रिय रसायनशास्त्र पाच जणांत कसे वाटून घ्यावे

सेंद्रिय रसायनशास्त्राचा गटअभ्यास कसा करावा, हे सांगण्याचा अधिकार मला गेल्या आठवड्यात जळगावात प्राप्त झाला. एकाच गटाच्या पाच वह्या मी तपासल्या आणि पाचही वह्यांत एकच चूक, त्याच जागी, त्याच खाडाखोडीसह आढळली.

सर्वप्रथम गटातील हुशार मुलगी हेरावी. बाकीचे काम तिचे.

दुसरे म्हणजे, प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया लिहिताना वक्र बाण प्रोटॉनकडून दुहेरी बंधाकडे काढावा. बाण इलेक्ट्रॉनांचा प्रवास दाखवतो आणि प्रोटॉनपाशी द्यायला एकही इलेक्ट्रॉन नसतो, ही क्षुल्लक बाब मनाला लावून घेऊ नये. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला आहे, तो उतरवावा. तोंडी परीक्षेत १-ब्रोमोप्रोपेनऐवजी मुख्यतः २-ब्रोमोप्रोपेनच का मिळते, असे विचारल्यास, "सर, तो टॉपिक माझ्याकडे नव्हता, जिच्याकडे होता ती भुसावळला लग्नाला गेली आहे," असे नम्रपणे सांगावे. मधल्या टप्प्यात बनणारा दुय्यम कार्बोकॅटायन, म्हणजे धनभारित कार्बन असलेला आयन, प्राथमिकापेक्षा स्थिर असतो, एवढे एक वाक्य चौघांपैकी कोणालाही येऊ नये? पेरॉक्साइड घातल्यावर निकाल उलटतो, हे विचारण्याचे धाडस मग मी केलेच नाही. हीच मंडळी हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी करतात, तेव्हा एक जण पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजतो, दुसरा मिरच्या ठेचतो, तिसरा कळण्याच्या पुऱ्यांकडे पाहतो. पण वांगे कच्चे राहिले तर मिरच्या ठेचणाराच आधी ओरडतो. वहीतला कच्चा बाण मात्र एकालाही दिसत नाही.

तिसरे, परदेशी अनुभवाकडे साफ दुर्लक्ष करावे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात रसायनशास्त्रासाठी सहा-आठ जणांचे गट करून, तो विषय आधी चांगला पार केलेला विद्यार्थी त्यांच्यात बसवण्याची पद्धत सुरू झाली. त्या पद्धतीत उत्तरांची यादी कोणालाच मिळत नाही. आपल्याकडे उत्तर आधी येते आणि प्रश्न परीक्षेच्या दिवशी कळतो.

चौथे, झेरॉक्स रंगीत काढावी.

पुरे झाले. ही नक्कल आहे, आणि तिला 'उपक्रम' म्हणून अंतर्गत गुण वाटणारे माझे काही सहकारीही तितकेच दोषी आहेत. त्या मुलीने रात्री घाईत बाण उलटा काढला असेल, तर चौघांपैकी एकाने तरी तिला "इथूनच का?" असे विचारायला हवे होते, गट असतो तो त्यासाठीच. एकेकाने फळ्यापुढे उभे राहा, बाण काढा, आणि बाकीच्यांचे समाधान होईपर्यंत खडू खाली ठेवू नका. तिची वही तिला आजच परत करा. पुढच्या तोंडी परीक्षेत कोणाला काय विचारायचे हे मी ठरवीन. तुमच्या गटातली वाटणी मला सांगू नका.