‘ज्वालामुखीची काच उल्केची म्हणून खपवतात’ या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही सहकुटुंब लोणारला आमच्याकडे मुक्कामी होता. तुमची तक्रार अशी, की मालक अंगणात गॅसची झोताची बत्ती पेटवून दगड जाळायचा खेळ करतो, ज्वालामुखीची काळी काच उल्केची म्हणून खपवतो, मागितली तर विकत देत नाही आणि ठेच्याचे वेगळे पैसे लावतो. खपवतो पण अन् विकत देत नाही पण, हे दोन्ही एकदम कसं जमतं बाप्पा?

शंका मात्र रास्त आहे. आपला सगळा दख्खन लाव्ह्याचाच, मग काळी काच दिसली की ती ज्वालामुखीचीच वाटणार. पण फडताळातले ते दोन तुकडे सारखे दिसले तरी सारखे नाहीत. डावीकडचा ऑब्सिडियन, म्हणजे खरोखर ज्वालामुखीची काच. उजवीकडचा खळग्याखळग्यांचा टेक्टाइट, म्हणजे उल्केच्या आघाताने जमीन वितळून झालेली काच. तो थायलंडचा आहे, पावती मागच्या भिंतीला लावलेली आहे. साधारण 7 लाख 90 हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियात मोठा आघात झाला आणि वितळलेल्या जमिनीचे थेंब पार ऑस्ट्रेलियापर्यंत उडाले, त्यांतला तो एक.

बत्ती धरली तेव्हा ऑब्सिडियनचा तुकडा तडतडला, कडेने पांढरट झाला आणि लाहीसारखा फुगला, तुमच्या मुलानेच ओरडून सांगितलं. टेक्टाइट नुसता लाल झाला, टोकाला मऊ पडला. फुगला नाही, कारण फुगवायला आत पाणीच नाही. लाव्हा जमिनीखाली दाबाखाली असतो, त्यात पाणी विरघळलेलं असतं. काच होणारा लाव्हा घट्ट आणि त्या मानाने थंड, 700 ते 900 अंशांचा. पाणी पुरतं निघून जायच्या आतच तो गोठतो आणि काही दशांश टक्के, कधी एक टक्क्याच्या वर पाणी आत अडकून राहतं. आघातात उलटं होतं. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने धोंडा आदळतो, वरची माती-वाळू 2000 अंशांच्या पुढे जाते, रस पातळ होतो, पाण्याची वाफ होऊन बुडबुड्यांतून निसटते. थेंब हवेतच गोठतात, त्यामुळे पाणी परत शोषायला सवड नसते. टेक्टाइटमध्ये उरतं ते 0.002 ते 0.02 टक्के. या कोरडेपणामुळे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही ते चंद्रावरून आलेत असं वाटायचं. अपोलोने चंद्राचे दगड आणले, घटक जुळेनात, तेव्हा तो वाद मिटला.

बाटलीची काचही अशी फुगत नाही, हे कोणी विचारण्याआधीच सांगतो. म्हणून खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. टेक्टाइटमध्ये वितळलेल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, वळणदार शिरा दिसतात. गार वितळायला 1700 अंश लागतात, लाव्हा तेवढा तापत नाही.

लोणारची काच आणखी वेगळी. इथला काळा बेसॉल्टच वितळून झालेली, बारीक मण्यांसारखी, विवराबाहेर फेकल्या गेलेल्या मालात सापडते. 1973 मध्ये तिच्यावरचा अभ्यास आला, त्यामुळे हे विवर आघाताचं आहे याला बळ मिळालं. ते अभयारण्य आहे, तिथून खडाही उचलायचा नसतो, म्हणून ‘लोणारची काच’ आमच्याकडे ना ठेवलेली ना विकायला. गाडीतून जाताना तुमच्या सौ. म्हणाल्या तसं विवराचं वय इंटरनेटवर 52 हजार वर्षंही सापडतं; 2011 मध्ये काचेतल्या आर्गॉन वायूवरून वय मोजलं, त्यात ते 5 लाख 70 हजारांच्या आसपास निघालं. आम्ही दुसरा आकडा सांगतो.

बत्तीजवळ मुलांना मागे उभं केलं, चष्मा घातला, ते तुम्हाला नाटक वाटलं. तापलेला ऑब्सिडियन कपचे उडवतो, डोळे जातात. ते नाटक यापुढेही चालू राहील.

ठेच्याचे पैसे कोणालाच लावत नाही. बिलात शेवटी आहे तो दह्याचा दर. दोन वाट्या घेतल्या होत्या.