मालिका वाचवायची तर शेंगदाणे कुणाच्या दारात टाकायचे?

महाराष्ट्रात एखादी बरी मालिका मध्येच बंद झाली की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, वाहिन्यांना कटकारस्थानं करणाऱ्या सासवाच हव्यात, चांगलं काही टिकू देत नाहीत. दुसरी म्हणते, टीआरपी नव्हता म्हणजे तुम्हीच पाहिली नाही, मग आता गळा काढून काय उपयोग? सोनी मराठीवरची ‘सावित्रीजोती’ २०२० च्या जानेवारीत सुरू झाली आणि डिसेंबरअखेर थांबली, तेव्हा हा वाद फार कडवट झाला. हरी नरके यांच्यासारख्या अभ्यासकाने जाहीर खंत व्यक्त केली. फुल्यांचं नाव घेतल्याशिवाय जिथे भाषण सुरू होत नाही, तिथे त्यांच्यावरची मालिका का टिकत नाही, असा सूर उमटला. त्या वर्षी मार्चपासून जूनपर्यंत चित्रीकरणच बंद होतं, ही गोष्ट मात्र त्या गदारोळात मागे पडली.

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे, पण मूळ प्रश्नांना दोघीही बगल देतात. मालिका बंद करण्याचा अधिकार कुणाचा? तो कोणत्या आकड्यावर वापरला जातो? आणि बंद झाल्यावर ती दुसरीकडे नेण्याचा हक्क कुणाकडे उरतो? इथे अमेरिकेत प्रेक्षक गेली साठेक वर्षं मालिका वाचवायच्या मोहिमा चालवताहेत. त्यातल्या बहुतेक फसल्या. ज्या यशस्वी झाल्या त्या नीट पाहिल्या, तर या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांच्या बाजूने होती असं दिसतं. प्रेमाची खोली तर फसलेल्यांतही तेवढीच होती.

सगळ्यांना आठवते ती शेंगदाण्यांची मोहीम. सीबीएस वाहिनीने २००७ च्या मे महिन्यात ‘जेरिको’ बंद केली. अणुहल्ल्यानंतर कॅन्ससमधलं एक छोटं गाव कसं तगून राहतं, याची ती गोष्ट. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात नायक शरण यायला नकार देतो तो ‘नट्स’ या एकाच शब्दात. १९४४ मध्ये बास्तोनला वेढल्या गेलेल्या अमेरिकी सेनानीने जर्मनांना हेच उत्तर दिलं होतं. चाहत्यांनी तो शब्द उचलला आणि सीबीएसच्या कचेऱ्यांत सुमारे २० टन शेंगदाणे पाठवले. बहुतेकांनी न्यू जर्सीतल्या एकाच दुकानातून ऑनलाइन मागणी नोंदवली, हे यातलं खरं शहाणपण. माल एकगठ्ठा जात होता, किती पौंड झाले तो आकडा कळत होता, आणि बातमीदाराला एक फोन केला की बातमी तयार. दाणे नासत नाहीत, वाटून टाकता येतात. हीच मोहीम फुलांची किंवा केकची असती तर दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेली असती. जूनच्या पहिल्या आठवड्यात सीबीएसने माघार घेतली, सात भागांचं दुसरं पर्व मंजूर केलं आणि आता दाणे पाठवणं थांबवा अशी विनंतीही केली.

पण ते सात भाग २००८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवले गेले आणि मालिका पुन्हा बंद झाली, ती कायमची. वाहिनीने आधीच बजावलं होतं की आता पाहणारे वाढले पाहिजेत, आणि तेही ठरलेल्या वेळी टीव्हीवर पाहणारे. रेकॉर्ड करून किंवा संकेतस्थळावर पाहणाऱ्यांचे पैसे जाहिरातदार तेव्हा फारसे मोजत नव्हते. मोहिमेने निर्णय फिरवला, हिशेब फिरवला नाही.

दोन वर्षांनी ‘चक’च्या चाहत्यांनी थेट हिशेबालाच हात घातला. सबवे या सँडविचच्या कंपनीची जाहिरात मालिकेत होत होती. २७ एप्रिल २००९ ला दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग होता. त्या दिवशी चाहत्यांनी सबवेच्या दुकानांत जाऊन पाच डॉलरचं फूटभर सँडविच घेतलं आणि आपण ‘चक’साठी आलो आहोत अशी चिठ्ठी सूचनापेटीत टाकली. एनबीसीने १३ भागांचं तिसरं पर्व दिलं, सबवेने प्रायोजकत्व वाढवलं, आणि मालिका २०१२ पर्यंत चालली. वाहिनीला शेंगदाणे पाठवले की तिला आपल्या भावना कळतात. जाहिरातदाराच्या गल्ल्यात पाच डॉलर पडले की त्याच्याकडची पावती वाहिनीशी बोलते. माझ्या मते आजवरच्या मोहिमांत सगळ्यात नीट आखलेली ही.

याची उलटी बाजूही आहे. २०११ मध्ये एबीसीने दोन जुन्या दुपारच्या मालिका बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा हूव्हर या झाडू-यंत्रांच्या कंपनीने निषेध म्हणून एबीसीवरच्या जाहिराती काढून घेतल्या. एबीसी बधली नाही. एका मध्यम जाहिरातदाराने हात काढून घेतल्याने मोठ्या वाहिनीचं गणित बदलत नाही.

आता हक्कांचा भाग, जो आपल्याकडच्या वादात कधी येतच नाही. अमेरिकेत पुष्कळदा स्टुडिओ मालिका बनवतो आणि वाहिनी तिला दाखवायचं शुल्क देते. ते शुल्क खर्चापेक्षा कमी असतं. तूट स्टुडिओ सोसतो, कारण मालिकेची मालकी त्याची असते. म्हणून वाहिनीने नाही म्हटलं तरी स्टुडिओ ती दुसऱ्या दारात नेऊ शकतो. २०१८ च्या मे महिन्यात फॉक्सने ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ती एनबीसीने घेतली. समाजमाध्यमांवर झालेला कल्लोळ खरा होता, पण मालिका बनवणारी कंपनी एनबीसीच्याच घराण्यातली होती हे जास्त महत्त्वाचं. त्याच महिन्यात सायफाय वाहिनीने ‘द एक्स्पान्स’ सोडली. तिच्याकडे मुळात अमेरिकेतल्या पहिल्या प्रक्षेपणाचाच हक्क होता, मालिका आल्कन या कंपनीची. चाहत्यांनी लाखावर सह्या जमवल्या, वर्गणी काढून फलक ओढणारं विमान अमेझॉन स्टुडिओजवरून फिरवलं, आणि मे संपायच्या आत अमेझॉनने मालिका घेतली. कलाकारांचे करार साधारण जूनअखेर सुटतात, म्हणून या सगळ्याला सहा-सात आठवड्यांची मुदत असते. त्यानंतर नट दुसरीकडे बांधले जातात, सेट मोडतो, आणि मग सह्या कितीही जमल्या तरी हाती काही लागत नाही.

भारतात हे दार बहुतेक वेळा बंदच असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी चलच्चित्र (म्हणजे चित्रपट किंवा मालिका) बनवून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो बनवून घेणारा. आपली दैनंदिन मालिका वाहिनीच बनवून घेते, निर्मात्याला दर भागामागे ठरलेली रक्कम मिळते. म्हणजे मालिकेचं नाव, पात्रं, झालेले भाग, सगळं वाहिनीचं. निर्मात्याला कितीही वाटलं तरी तो ती उचलून शेजारच्या वाहिनीकडे जाऊ शकत नाही. ‘दुसऱ्या चॅनलवर सुरू करा’ अशी मागणी त्याच्या पानावर शेकडो जण करतात, आणि त्याच्या हाती काही नसल्याने तो गप्प बसतो. ते गप्प बसणं लोकांना उर्मटपणा वाटतो, ही त्याच्यावर उगाच होणारी शिक्षा आहे.

मग टीआरपी. टीव्ही कोण किती पाहतं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या मोजणीत साऱ्या देशातली साठ हजारांच्या आतली घरं असतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, घरातलं मीटर ती टिपतं, आणि कोण पाहतंय हे कळावं म्हणून घरातला प्रत्येक जण आपापलं बटण दाबतो. तुमचं घर त्या यादीत नसेल, तर तुम्ही रोज साडेआठला टीव्हीसमोर बसलात काय आणि नाही काय, त्या आकड्याला फरक पडत नाही. म्हणून ‘तुम्हीच पाहिली नाही’ हा टोमणा मला अन्यायाचा वाटतो. यादीतलं घर शोधून तिथे मालिका लावायला सांगणं हा मात्र गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी उघड केलेलं टीआरपी प्रकरण असल्याच आरोपांचं होतं.

भारतात प्रेक्षकांची मोहीम यशस्वी होतच नाही, असं मात्र नाही. १९८८ मध्ये दूरदर्शनवरचं ‘रामायण’ उत्तरकांडाशिवाय संपत होतं. महर्षी वाल्मीकींना पूज्य मानणाऱ्या जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला, तो इतर शहरांत पसरला, रस्त्यांवर कचरा साचला. वाहिनी सरकारची होती आणि कचऱ्याची जबाबदारीही सरकारची. उत्तरकथेचे भाग बनले आणि त्याच वर्षी दाखवायला सुरुवात झाली. निर्णय घेणाऱ्याला ज्याची गरज आहे ते ज्यांच्या हातात होतं, त्यांनीच ही मागणी केली होती. कॅलिफोर्नियातल्या बर्बँकमध्ये एनबीसीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळमालिका वाचवण्यासाठी १९६८ मध्ये मोर्चा नेणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा जालंधरचे कामगार मला या विषयातले मोठे जाणकार वाटतात.

तेव्हा मराठी मालिकेसाठी काही करायचं तर निरोपाचा प्रोमो यायची वाट पाहू नये. तोवर शेवट लिहून झालेला असतो आणि कलाकारांनी पुढच्या तारखा दिलेल्या असतात. खरी सूचना मिळते ती वेळ बदलते तेव्हा. साडेआठची मालिका साडेदहाला किंवा दुपारी ढकलली, की त्याच आठवड्यात कामाला लागावं. ‘स्टार ट्रेक’लाही तिसरं पर्व मिळालं, पण शुक्रवारी रात्री दहाला, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घरात नसे. वर्षभरात ती संपली. चाहत्यांच्या पत्रांनी तिला खरं दिलं ते वेगळंच: एकूण ७९ भाग झाले, आणि एवढा साठा होता म्हणूनच स्थानिक वाहिन्यांना ती रोज पुन्हा दाखवता आली. तिचा मोठा प्रेक्षक नंतरच्या त्या पुनःप्रक्षेपणांतून तयार झाला.

आठवडाभर मालिका पाहताना कोणती कंपनी ‘प्रस्तुत’ करते, सहप्रायोजक कोण, मध्यंतरात कोणत्या वस्तू दिसतात, हे वहीत लिहून काढावं. त्यातली वस्तू घरात येत असेल, तर पावतीच्या फोटोसह कंपनीच्या ग्राहक विभागाला दहा-बारा ओळींचं पत्र लिहावं: गाव, पिन कोड, घरात पाहणारे किती आणि कोणत्या वयाचे. बहिष्काराची धमकी नको. जाहिरातदाराला नाराज माणूस रोजच भेटतो, या मालिकेमुळे माल घेतला असं सांगणारा क्वचित. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं. एकाच मजकुराची पाचशे पत्रं वाचणाऱ्याला एकच वाटतात. ‘स्टार ट्रेक’ची मोहीम चालवणाऱ्या ट्रिंबल दांपत्याचा नियम होता, दहा जणांना लिहायला लावा आणि त्या प्रत्येकाला आणखी दहा शोधायला सांगा. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेला मजकूर म्हणजे पत्र नव्हे. वर्गणी काढलीत तर पहिल्या दिवसापासून हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवा, आणि नव्या कार्यक्रमातल्या कलाकारांना शिव्या देणाऱ्याला गटातून तिथल्या तिथे काढा. अशा दोन शिव्यांची बातमी होते आणि दोनशे पत्रं झाकली जातात.

आम्हा परदेशातल्यांनी आपलं वजन ओळखून वागावं. बार्कच्या मोजणीत आम्ही नाही. भारतात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे अकरा असतात, लंडनमध्ये दुपारचे चार, दुबईत संध्याकाळचे सात. हॅशटॅग चालवायचा तर या एकाच तासात, एकाच स्पेलिंगने. दिवसभर सांडत राहिलेल्या पाच वेगवेगळ्या टॅगांची नोंद कुठेच होत नाही. वजन पडतं ते पैसे भरलेल्या अॅपवरच्या पाहण्याचं, कारण तिथे प्रत्येक खातं मोजलेलं असतं. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला आपली पद्धत कळवली होती: दोन मिनिटं पाहिलं तो सुरू करणारा, एखाद्या भागाचे ७० टक्के पाहिले तो पाहणारा, पर्वाचे ९० टक्के पाहिले तो पुरं करणारा, आणि पहिले ७ व २८ दिवस महत्त्वाचे. प्रत्येक अॅपची मापं वेगळी असतील, पण सुरू करून सोडलेल्या मालिकेला कुणी वाचवत नाही. चोरीच्या बॉक्सवर महिना काही डॉलरांत दीडशे वाहिन्या पाहणारी घरं आमच्या मंडळांतही आहेत. त्यांचं पाहणं कोणत्याच हिशेबात नाही, आणि मालिका बंद झाल्यावर सगळ्यात मोठा आवाजही पुष्कळदा त्याच घरांतून येतो. हे मला खरोखर टोचतं.

मागणी काय करायची, तेही आधी ठरवावं. ‘मालिका वाचवा’ याला वाहिनी नाही म्हणते, कारण त्याचा अर्थ अमर्याद खर्च. ‘शेवटासाठी १८ भाग द्या, म्हणजे आठवड्याला सहा धरून तीन आठवडे’ याचा ती विचार करू शकते, सेट उभा असेपर्यंत तर नक्कीच. चरित्रमालिकेत ही मागणी सालांनिशी मांडता येते. सावित्रीबाईंचं लग्न १८४० चं, भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची, सत्यशोधक समाज १८७३ चा, जोतीरावांचा मृत्यू १८९० चा, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या ते १८९७. ज्या दिवशी वेळ बदलल्याची पाटी पडद्यावर येते, त्या दिवशी कथा यातल्या कोणत्या सालात आहे ते पाहावं, उरलेली सालं मोजावीत आणि तेवढ्यांसाठी भाग मागावेत.